कराच्या हाताचीं पांच बोटें

दिवाळी, मुंज किंवा लग्नकार्य अशा निमित्तानें दूरदूरचीं आप्तमंडळी एकत्र जमली म्हणजे हल्लीं बोलण्याचा ओघ थोड्याच वेळांत एका ठराविक विषयाकडे वळतो. पूर्वीं एका वाड्यांत नांदणारें कुटुंब आतां चार राज्यांत विभागलेलें असतें. थोरले बंधु पुण्यास, मधले बडोद्यास, धाकटे बंगळुरास आणि एखादा भाचा नोकरीनिमित्त पणजीस, अशी स्थिति आज अपवादाची राहिलेली नाहीं. मग भाचा आपल्याकडील पेट्रोलच्या भावाचें कौतुक करतो; बडोद्याचे काका घराच्या दस्ताला किती कमी खर्च आला तें सांगतात; बंगळुराचे काका मोटारीवरील कराच्या नांवानें बोटें मोडतात; आणि पुण्याचे यजमान ‘आमच्या राज्याइतका कर दुसरीकडे कोठें नसेल’ असा निर्वाळा देऊन मोकळे होतात. प्रत्येकाचें म्हणणें त्याच्यापुरतें खरें असतें. परंतु या सर्वांवरून कोणतें राज्य करानें जड आणि कोणतें हलकें, हें मात्र ठरत नाहीं.

हा विषय निव्वळ गप्पांचा असता तर त्यावर लेखणी चालविण्याचें कारण नव्हतें. पण निवृत्तीनंतर कोठें स्थायिक व्हावें, सर्वांच्या पैशांतून घर कोणत्या गांवीं घ्यावें, मोटार कोठें नोंदवावी, असे निर्णय पुष्कळ घरांत या तुलनेवर घेतले जातात. आणि एकाच बाबीच्या तुलनेवर घेतलेला निर्णय पुढें महाग पडतो. म्हणून राज्याराज्यांतील करांची तुलना कशी करावी, याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

संस्कृतांत ‘कर’ म्हणजे हात, आणि ‘कर’ म्हणजेच राजास द्यावयाचें देणें. हाताला बोटें पांच. त्यांतील एक आंखडलेलें दिसलें म्हणून हात रिकामा गेला असें कोणीं समजूं नये. सर्व वस्तूंवर एकच दर लावणें राज्यकर्त्यांस पूर्वींहि मानवलें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शुल्काध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर मोलाचा पांचवा हिस्सा, फुलें, फळें आणि भाजीपाला यांवर सहावा हिस्सा, आणि इतर कित्येक जिनसांवर त्याहूनहि कमी, अशी शुल्काची वर्गवारी तेथें सांगितलेली आहे. ‘त्या राज्यांत कर किती?’ या प्रश्नाचें उत्तर एका आंकड्यांत त्या काळींहि देतां आलें नसतें. आज तर मुळींच देतां येत नाहीं.

शेजारशेजारच्या प्रदेशांत कराचा दर विषम झाला म्हणजे काय होतें, याचें सर्वांत विलक्षण उदाहरण इंग्रजी अमदानींतील मिठाचें आहे. १८७० च्या सुमारास मुंबई आणि मद्रास इलाख्यांत मिठावर मणामागें १ रुपया १३ आणे कर होता. बंगाल्यांत तोच ३ रुपये ४ आणे होता. स्वस्त मीठ महाग प्रांतांत शिरूं नये म्हणून सरकारनें सिंधु नदीपासून महानदीच्या प्रदेशापर्यंत सुमारे २,३०० मैल लांबीची जकातीची सरहद्द आंखली. पुष्कळ ठिकाणीं तिच्यावर कांटेरी झाडांचें जाड कुंपण वाढविलें. आणि पहाऱ्यासाठीं सुमारे १२,००० माणसें ठेविलीं. निरनिराळ्या प्रांतांतील दर एकमेकांच्या जवळ आणल्यावर १८७९ सालीं ती सरहद्द उठविणें शक्य झालें. कुंपण गेलें, पण त्यामागील नियम गेला नाहीं. दोन प्रदेशांच्या करांत अंतर पडलें कीं माल, माणूस आणि कधीं कधीं लबाडीहि स्वस्त बाजूकडून महाग बाजूकडे चालूं लागते.

आपल्या परिचयाचा विक्रीकर हा त्या मानानें अलीकडचा. १९३५ च्या कायद्यानें मालाच्या विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार प्रांतांस दिला, आणि त्याचा अगदीं आरंभीचा उपयोग मध्यप्रांत-वऱ्हाडनें केला. १९३८ सालीं त्या सरकारनें पेट्रोल व वंगणतेल यांच्या किरकोळ विक्रीवर शेंकडा ५ कर बसविला. हा कर नांवानें विक्रीचा असला तरी वस्तुतः अबकारी आहे, सबब तो मध्यवर्ती सरकारच्या हक्कांतला आहे, असा वाद निघाला आणि तो नव्यानेंच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढें गेला. कोर्टानें प्रांताच्या बाजूनें कौल दिला. पुढच्याच वर्षीं, १९३९ सालीं, राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळानें मद्रासेंत सर्वसामान्य विक्रीकर आणला. दारूबंदीमुळें बुडणारें उत्पन्न भरून काढणें हा त्यांतील एक हेतु होता. १९४१ सालीं बंगाल, १९४६ सालीं मुंबई, असे प्रांतामागून प्रांत त्याच वाटेनें गेले. पहिल्या पावलापासूनच पेट्रोल आणि दारू या दोन वस्तु या कराशीं कशा निगडित आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग आहे.

स्वातंत्र्यानंतर एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जाणाऱ्या मालासाठीं १९५६ चा केंद्रीय विक्रीकराचा कायदा झाला. त्याचा दर आरंभीं शेंकडा १ होता, तो १९७५ पर्यंत शेंकडा ४ झाला. नांव केंद्रीय असलें तरी हा पैसा माल जेथून निघे त्या राज्यास मिळे. म्हणजे पुण्यास तयार झालेलें यंत्र पाटण्यास विकलें तर बिहारी ग्राहकाच्या खिशांतून निघालेली ही रक्कम महाराष्ट्राच्या तिजोरींत पडे. कारखाने आपल्याकडे ओढण्यासाठीं राज्यांनीं विक्रीकरांत सवलती देण्याची चढाओढ लावली. ती आवरण्यासाठीं १ जानेवारी २००० पासून किमान दर ठरविण्यांत आले. एप्रिल २००५ मध्यें महाराष्ट्रासह पुष्कळ राज्यांनीं मूल्यवर्धित कर स्वीकारला. आणि २०१६ च्या घटनादुरुस्तीनंतर १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर, म्हणजे जीएसटी, सर्व देशभर लागू झाला. त्याच दिवसापासून मुंबईच्या नाक्यांवरील जकातहि बंद झाली. या नव्या व्यवस्थेंत प्रवाहाची दिशा उलटली. आतां राज्याचा हिस्सा माल जेथें तयार होतो तेथें राहत नाहीं, जेथें वापरला जातो तेथें जातो.

या फेरफाराचा परिणाम असा कीं, साबण, कापड, औषधें, शिलाईयंत्र किंवा उपाहारगृहांतील बिल यांवरील कराच्या बाबतींत पुणें आणि पाटणा यांत आतां भेद उरलेला नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून या कराचे मुख्य दर शेंकडा ५ आणि शेंकडा १८ असे दोन झाले असून चैनीच्या व अपायकारक गणलेल्या वस्तूंवर शेंकडा ४० चा दर आहे. आणि ते सर्व राज्यांत सारखे आहेत. मग राज्याराज्यांत अंतर पडतें तें कोठें? जीएसटीच्या मुठींत न आलेल्या पांच ठिकाणीं: इंधन व मद्य, स्थावराची खरेदी, वाहन, व्यवसाय आणि वीज. हींच तीं पांच बोटें.

पहिलें बोट पेट्रोल-डिझेलचें. यांवर जुना विक्रीकर नांव बदलून अद्याप जिवंत आहे. केंद्राचें शुल्क सर्वत्र सारखें. राज्याचा दर मात्र ज्याचा त्याचा. मुंबई, ठाणें आणि नवी मुंबई येथें पेट्रोलवर शेंकडा २६ आणि डिझेलवर शेंकडा २४ असा उरलेल्या महाराष्ट्राहून चढा दर होता. जुलै २०२४ पासून तो अनुक्रमें २५ आणि २१ करून सर्व राज्यांत सारखा करण्यांत आला. त्याच्या आदल्याच महिन्यांत कर्नाटकानें पेट्रोलवरील दर शेंकडा २५.९२ वरून २९.८४ वर नेला. एका सरकारनें उतरविला आणि शेजारच्यानें चढविला, तोहि दोन महिन्यांच्या आंत! कोल्हापुराहून निपाणीकडे जाणाऱ्या वाहनचालकाला सरहद्दीच्या कोणत्या बाजूस टांकी भरावी याचा हिशोब तोंडपाठ असतो, याचें कारण हेंच.

गोव्याचें उदाहरण अधिक शिकविणारें आहे. एप्रिल २०१२ मध्यें मनोहर पर्रीकर यांच्या सरकारनें पेट्रोलवरील कर शेंकडा २० वरून जवळजवळ शून्यावर आणला आणि तेथील पेट्रोल लिटरमागें सुमारे ११ रुपयांनीं उतरलें. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत गोव्यांतील लोहखनिजाचें खाणकाम थांबलें आणि उत्पन्नाचा एक मोठा झरा आटला. पुढें पेट्रोलवरील कर हप्त्याहप्त्यानें पुन्हां चढत गेला. स्वस्त पेट्रोल हें औदार्याचें फळ नव्हतें. दुसरीकडून येणाऱ्या पैशाच्या आधारावर तें उभें होतें. एखाद्या राज्यांत एक कर कमी दिसला तर प्रथम विचारावें कीं त्याची जागा कोण भरून काढीत आहे.

येथें दराच्या स्वरूपाकडेहि पाहिलें पाहिजे. कर शेंकड्याच्या हिशोबानें असला तर मूळ किंमत वाढतांच करहि आपोआप वाढतो. सरकारला नवा हुकूम काढावा लागत नाहीं. लिटरमागें ठराविक रक्कम असली तर तसें होत नाहीं. पुष्कळ राज्यें दोन्ही रीतींचें मिश्रण करतात. त्यामुळें नुसते शेंकड्याचे आंकडे शेजारीं मांडून केलेली तुलना पुरी ठरत नाहीं.

मद्याचें नांव कौटुंबिक मासिकांत काढणें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु राज्यांच्या जमाखर्चांत तें इतक्या ठळक अक्षरांत लिहिलेलें असतें कीं वगळून चालत नाहीं. गुजराथेंत राज्यस्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. बिहारनें ती एप्रिल २०१६ मध्यें आणली. या राज्यांनीं ही प्राप्ति सोडली, तेव्हां तितकी रक्कम अन्य मार्गांनीं उभी करणें किंवा खर्च कमी करणें त्यांस प्राप्तच झालें. उलट महाराष्ट्रानें जून २०२५ मध्यें विदेशी धर्तीच्या मद्यावरील शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलें. ज्या घरांत मद्य शिरत नाहीं त्या घराचा करभार महाराष्ट्रांत हलका आणि शिरतें त्याचा जड, असा याचा सरळ अर्थ आहे. म्हणजे एकाच गल्लींतील दोन घरांचा ‘राज्याचा कर’ एक नसतो, ही गोष्ट येथें प्रथम स्पष्ट होते.

दुसरें बोट स्थावराच्या खरेदीवरील मुद्रांकशुल्काचें. हें आयुष्यांत एकदां किंवा दोनदांच भेटतें, पण भेटतें तेव्हां कंबर वांकविते इतकी रक्कम घेऊन जातें. आमच्या परिचयाच्या एका घरांत तीन भावांनीं वृद्ध आईसाठीं एक घर घेण्याचें ठरविलें आणि पुणें कीं बडोदें असा वाद पडला. साठ लाखांचें घर धरून हिशोब मांडला. पुण्यांत मूळ शुल्क शेंकडा ५, त्यांत स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोसाठीं १ मिळून शेंकडा ७, म्हणजे ४,२०,००० रुपये, नोंदणीची कमाल फी ३०,००० रुपये, एकूण ४,५०,०००. बडोद्यांत अधिभारासह शेंकडा ४.९, म्हणजे २,९४,०००, नोंदणी शेंकडा १, म्हणजे ६०,०००, एकूण ३,५४,०००. अंतर ९६,००० रुपयांचें. हेंच घर केरळांत घेतलें असतें तर शेंकडा ८ शुल्क आणि शेंकडा २ नोंदणी मिळून ६,००,००० रुपये पडले असते. बंगळुरांत ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणीची फी शेंकडा १ ची २ झाल्यामुळें उपकरांसह शेंकडा ७.६, म्हणजे ४,५६,००० रुपये होतात. घर आईच्या एकटीच्या नांवें घेतल्यास महाराष्ट्रांत स्त्रियांसाठीं शुल्कांत शेंकडा १ ची सूट आहे आणि गुजराथेंत नोंदणीची फी माफ आहे. दोन्हीकडे बचत ६०,००० रुपयांचीच, आणि अंतर पुन्हां ९६,०००!

एवढ्यावरून बडोद्याचा पक्ष जिंकला असें कोणालाहि वाटेल. पण हे शेंकडे कशाचे, हा प्रश्न राहतोच. शुल्क केवळ दस्तांतील किंमतीवर ठरत नाहीं. सरकारनें त्या भागासाठीं ठरविलेल्या दरानें येणारी किंमत जास्त असेल तर त्या किंमतीवर ठरतें. महाराष्ट्रांत या दरांच्या तक्त्यास रेडी रेकनर म्हणतात, गुजराथेंत जंत्री. गुजराथेंत २०११ पासून न बदललेली जंत्री १५ एप्रिल २०२३ रोजीं सामान्यतः दुप्पट करण्यांत आली. शुल्काचा शेंकडा तोच राहिला, पण जंत्रीच्या भावानें होणाऱ्या व्यवहारांवरील बोजा दुप्पट झाला. उलट महाराष्ट्रानें महामारीच्या काळांत, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत, शहरांतील शुल्क शेंकडा ५ वरून २ वर आणि पुढें मार्च २०२१ पर्यंत ३ वर आणलें होतें. तेव्हां दर पाहणाऱ्यानें तो कशावर लागतो आणि कोणत्या तारखेचा आहे, हीं दोन्हीं विचारलींच पाहिजेत. त्या घरांतील वाद शेवटीं आईनेंच मिटविला. तिचे नेहमींचे वैद्य, देऊळ आणि शेजार पुण्यास होता. ९६,००० रुपयांसाठीं तीं सर्व सोडावयास ती तयार नव्हती. तिचा हिशोब मुलांच्या हिशोबाहून कच्चा होता असें म्हणवत नाहीं.

तिसरें बोट वाहनाचें. बारा लाखांची पेट्रोलवर चालणारी मोटार महाराष्ट्रांत नोंदविली तर शेंकडा १२ प्रमाणें १,४४,००० रुपये कर पडतो. कर्नाटकांत शेंकडा १७ प्रमाणें २,०४,००० रुपये, आणि त्यावर उपकर निराळा. मिठाच्या कुंपणाचा नियम येथेंहि चुकला नाहीं. पुदुच्चेरींत मोटारींवरील कर अल्प, म्हणून केरळांतील कांहीं धनिकांनीं तेथला तात्पुरता पत्ता दाखवून किंमती मोटारी तेथें नोंदविल्याचीं प्रकरणें २०१७ सालीं उघडकीस आलीं आणि फौजदारी तपासापर्यंत गेलीं. आमच्या वाचकांस त्या वाटेनें जावयाचें नाहीं. पण बदलीवर जाणाऱ्या मुलांस एक गोष्ट अवश्य सांगावी. परराज्यांत मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची झाल्यास तेथें ती फिरून नोंदवावी लागते, नवा कर भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या काळाचा परतावा मागावा लागतो. हा हेलपाटा चुकविण्यासाठीं २०२१ सालीं ‘बीएच’ मालिका निघाली. सरकारी नोकर, आणि ज्यांच्या कंपनीचीं कार्यालयें निदान चार राज्यांत आहेत असे खासगी नोकर, यांच्यासाठीं ती असून तींत आजन्म कर एकदम न घेतां दोन दोन वर्षांचा घेण्याची योजना करण्यांत आली.

चौथें बोट म्हणजे करंगळी: व्यवसायकर. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानें याची कमाल मर्यादा वर्षास २,५०० रुपये ठरविली आहे. १९८८ पूर्वीं ती २५० रुपये होती. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान हा कर घेत नाहींत, महाराष्ट्र घेतो. ‘तेथें नाहीं, मग येथेंच कां?’ असें पुष्कळ नोकरदार विचारतात. याचें उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासांत आहे. १९७२ च्या दुष्काळानें लक्षावधि माणसें खडी फोडावयास रस्त्यावर आणलीं. त्या अनुभवांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. आणि तिच्या खर्चासाठीं १९७५ सालीं हा कर बसला. शहरांतील पगारदारानें दरमहा थोडी रक्कम द्यावी आणि खेड्यांतील मजुरास मागेल तेव्हां काम मिळावें, असा तो करार होता. २००५ सालीं देशव्यापी रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हां महाराष्ट्राचा हाच नमुना डोळ्यांपुढें होता. करंगळी लहान असते, पण तिच्यावांचून मूठ वळत नाहीं.

पांचवें बोट विजेचें. महाराष्ट्रांत घरगुती वीजबिलावर शेंकडा १६ विद्युत्‌शुल्क लागतें, आणि तें बिलाच्या मध्यभागीं अशा ठिकाणीं छापलेलें असतें कीं पुष्कळांच्या दृष्टीस पडत नाहीं. तामिळनाडूंत उलट घरगुती ग्राहकास दोन महिन्यांमागें १०० युनिटें विनामूल्य देण्याची प्रथा आहे. एक हात घेतो आणि दुसरा देतो. पण देणाऱ्या हातांत पैसा आला तो दुसऱ्या कोणत्या तरी बोटानें घेतलेलाच असतो.

घरपट्टी ही राज्याची नव्हे, शहराची बाब. म्हणून तिला या पांचांत धरलें नाहीं. मुंबईंत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांस २०२२ पासून मालमत्ताकर माफ आहे. पुण्यास तसें नाहीं. एका राज्यांतील दोन शहरांतच जर इतकें अंतर पडतें, तर ‘महाराष्ट्रांतील कर’ असा सरसकट शब्दप्रयोग किती जपून करावयास हवा, हें वेगळें सांगावयास नको.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. ही तुलना आपण सहसा स्वतःच्या घरापुरती करतों. मुद्रांकशुल्क घर घेणारा देतो, वाहनकर मोटार घेणारा देतो. ज्याच्याजवळ कांहीं आहे त्याच्यापाशींच हीं बोटें येतात. डिझेलवरील कर तसा नाहीं. तो नाशिकच्या कांद्याच्या, साताऱ्याच्या बटाट्याच्या आणि एसटीच्या भाड्याच्या आंत दडून येतो. आपल्या घरीं भांडीं घासावयास येणारी बाई मोटारींत कधीं बसत नाहीं, तिला पावती मिळत नाहीं, आणि आपण कर देतों हें कदाचित् तिला माहीतहि नसतें. तरी भाजीच्या प्रत्येक जुडीमागें ती तो देत असते, आणि तिच्या मिळकतीच्या मानानें आपल्याहून अधिक देते. म्हणून एखाद्या राज्यानें घरखरेदीचें शुल्क उतरवून डिझेलचा कर चढविला तर आपल्यासारख्यांस तें राज्य स्वस्त वाटेल आणि तिला महाग. ‘कोणतें राज्य हलकें?’ या प्रश्नाला ‘कोणाला?’ हा प्रतिप्रश्न जोडल्यावांचून खरें उत्तर मिळत नाहीं.

दुसरा प्रश्न परत येण्याचा. केंद्रानें गोळा केलेल्या करांतील वाटणीयोग्य रकमेपैकीं राज्यांस द्यावयाच्या हिश्शांत, २०२१ ते २०२६ या पांच वर्षांसाठीं पंधराव्या वित्त आयोगानें उत्तर प्रदेशास शेंकडा १७.९३९, बिहारास १०.०५८ आणि महाराष्ट्रास ६.३१७ ठरवून दिले. महाराष्ट्रांतील मंडळी यावर कुरकुर करतात, आणि ती अगदींच निराधार नाहीं. परंतु हा वांटा ठरवितांना दरडोई उत्पन्नांतील अंतरास शंभरांत ४५ गुण होते आणि राज्यानें स्वतः कर गोळा करण्याच्या प्रयत्नास अवघे अडीच. एकत्र कुटुंबांत मिळवता भाऊ अधिक घालतो आणि ज्याचीं मुलें लहान त्याच्याकडे अधिक जातें, हें आपल्यास परकें नाहीं. मात्र घालणाऱ्यास हिशोब दाखविला गेला पाहिजे, आणि घेणाऱ्यानेंहि हातपाय हलविले पाहिजेत, हेंहि तितकेंच खरें.

आतां व्यवहाराची एक सूचना करतों. घरच्या जमाखर्चाच्या वहींत वर्षभर एक पान राज्यासाठीं राखून ठेवावें. त्यांत पेट्रोलचीं लिटरें, वीजबिलांतील शुल्क आणि पगारांतून कापलेला व्यवसायकर लिहावा. घराच्या दस्ताचा खर्च तें घर जितकीं वर्षें वापरावयाचें तितक्यांनीं भागावा. मोटारीचा कर पंधरांनीं भागावा. चार राज्यांतील चार भावांनीं अशीं चार पानें लिहिलीं तर पुढील दिवाळीच्या गप्पा बऱ्याच वेगळ्या होतील. पुण्याच्या घरांत शुल्कापोटीं गेलेले साडेचार लाख तीस वर्षांवर पसरले तर वर्षास १५,००० रुपये होतात, बडोद्याचे ११,८००. ज्या अंतरावरून भाऊ भाऊ रुसण्याची वेळ आली होती तें महिन्याला २६७ रुपयांवर येऊन ठेपतें.

आणि त्याच पानाच्या उजव्या बाजूस आणखी एक रकाना असावा. नळाला पाणी नाहीं म्हणून आणविलेला टँकर, सरकारी शाळा भरवशाची नाहीं म्हणून भरलेली खासगी शाळेची फी, सरकारी दवाखाना दूर म्हणून दिलेलें खासगी रुग्णालयाचें बिल, वीज जाते म्हणून घेतलेला इन्व्हर्टर, हे खर्च त्यांत मांडावेत. यांना कोणी कर म्हणत नाहीं आणि ते कोणत्याहि अंदाजपत्रकांत दिसत नाहींत. परंतु ज्या राज्यांत डाव्या बाजूचा आंकडा लहान आणि उजव्या बाजूचा मोठा, तें राज्य स्वस्त नव्हे. तेथें कराची वसुली सरकारऐवजीं टँकरवाला करतो, एवढेंच. दोन्ही बाजूंची बेरीज करून मगच शेजारच्या राज्याचा हेवा करावा; आणि उजवी बाजू फार फुगलेली दिसली तर मत मागावयास येणाऱ्या उमेदवारापुढें तें पान उघडून ठेवावें.